पोहण्याआधी अंग धुणे सक्तीचे

अकरा महिन्यांनी बूट त्याच मांडणीवर ठेवले,
खालून दुसरा खण, हीटरपाशी.
काउंटरवरचा पोरगा पास उलटसुलट करून म्हणाला,
याची मुदत संपली की मार्चमध्येच.
याचीच ना, असं ओठांवर आलं होतं,
पण सतरा वर्षांचं पोर, हनुवटीवर पुटकुळी,
त्याची सकाळ कशाला खराब करा.
दहा वेळांचा दे म्हटलं.
वीस वेळांचा स्वस्त पडतो, तो म्हणाला.
वीस मंगळवार. बोटांवर मोजले तर जुलैपर्यंत जातात.
जुलै हा शब्द बरेच दिवस तोंडात घेतला नव्हता.
दे वीसचा.

संपलं म्हणतात सगळं. डॉक्टरीण म्हणाली,
आता नेहमीसारखं जगायला लागा,
आणि हात पुसत पुढच्या खोलीत गेली.
नेहमीसारखं म्हणजे कसं ते
बोलुंगारविकमध्ये कोणालाच आठवेना.
बाल्दविन अजून घरात हळू बोलतो,
जणू मी ओव्हनमधला केक, दार आपटलं तर बसेन.
मासळीच्या कारखान्यात वजनकाट्याशेजारी मला खुर्ची दिलीये.
तीस वर्षं मी उभी होते तिथे.
दुकानात भेटेल तो थेट डोळ्यांत बघतो,
इतकं थेट, की कळतं,
कुठे बघायचं नाही हे घरून ठरवून आलाय.
जिवावरचं शेपटावर निभावलं, जाऊबाई म्हणते.
शेपूट. बरं.
पालीला निदान पुन्हा फुटतं.

लॉकर एक्केचाळीस.
घड्याळ, किल्ल्या, सुटी नाणी, आणि तो,
तीनशे दहा ग्रॅम, लोकरी मोज्यात गुंडाळून.
वजन पाठ आहे, माझं कामच ते.
पोहायचा पोशाख हातात धरायचा
आणि नळांच्या रांगेत सगळ्यांनी नागडं उभं राहायचं,
हा इथला नियम. जन्मात कधी खटकला नव्हता.
भिंतीवर तोच जुना तक्ता:
माणसाची आकृती, साबण लावायच्या जागी लाल डाग.
डोकं, काखा, जांघा, पावलं.
छातीवर काहीच नाही.
चाळीस वर्षं हा तक्ता बघतेय,
आज दिसलं, आकृती दोन्ही बाजूंनी सपाट आहे.
डोकं धुतलं. एक सेंटिमीटर केस, शाम्पूचा थेंबही जास्त झाला.
डावी काख धुतली. तिथे स्वतःचाच हात
दुसऱ्या कोणाचा लागतो.

शेजारच्या नळाखाली ग्वुडफिन्ना.
शहाऐंशीची. पोटावर बाळंतपणांच्या घड्या,
पोटऱ्यांवर निळ्या शिरा.
तिने मान वळवली आणि बघितलं.
डोळ्यांत नाही. तिथे.
सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जन्मभर बंदरावर जाळी दुरुस्त केलेली बाई बघेल तसं.
"कोणी शिवलं?"
"रेक्याविकला. एक तरुण बाई होती."
"हं. टाके एकसारखे आहेत. काखेत जरा ओढलंय."
"ओढलंय," मी म्हटलं. "हात वर जात नाही."
"जाईल. नवा दोर पण ओढतोच.
साबण दे इकडे, माझा संपला."

दिला. तिने पाठ केली माझ्याकडे,
तर मीच लावून दिला, तिचा हात पोचत नाही तिथे.
माझा डावाही पोचला नाही. उजव्याने लावला.

बाहेर कुंडापर्यंत अकरा पावलं, बर्फ तिरका येत होता.
उजवीकडे वारा बोचला,
डावीकडे नुसती बातमी आली.
गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलेले चौघं.
बोगदा गुरुवारपर्यंत बंद म्हणे, रेनार सांगत होता.
परत? मी म्हटलं.
परत.
गेल्या हिवाळ्यात नवा पंखा बसवला ना त्यात?
कसला नवा, कोणीतरी म्हणालं,
आणि मग बराच वेळ आम्ही
त्या पंख्याबद्दलच बोलत बसलो.